डाव्या बाहीची तक्रार

रविवारी दुकान बंद असतं, ताई बंद नसते. हे या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी ते सोयिस्करपणे विसरूनही टाकलं होतं. जेवणं उरकली, आई वर जाऊन आडवी झाली, की ताई दुकानातल्या जिन्याखालून वेताची टोपली ओढायची, चष्मा नाकावर चढवायची आणि आईनं सकाळभर शिवलेलं दुपारभर उसवत बसायची. उसवायचं, पुन्हा शिवायचं, इस्त्री फिरवायची आणि आई उठायच्या आत टेबलावर होतं तसं ठेवून द्यायचं. मग गिऱ्हाईक यायचं, कोट घालून आरशासमोर छाती काढायचं आणि "वा, काय हात आहे आईंचा!" म्हणायचं. आई मान हलवायची. ताई ट्रायलचा पडदा सारखा करायची.

वडील, अण्णा, होते तोवर कापड कापायचे ते आणि शिवायची आई. अण्णा गेले, कात्री ताईच्या हाती आली आणि त्याच हिवाळ्यात आईच्या हातून एक कोट साफ बिघडला. गिऱ्हाईक भर दुकानात नको नको ते बोललं. आई चार दिवस धड जेवली नाही. तेव्हा ताई आणि तिचा धाकटा भाऊ, दोघांनी जिन्यात उभं राहून ठरवलं की यापुढे आईच्या कानावर एकही तक्रार जाऊ द्यायची नाही. मायेनंच ठरवलं, त्यात खोट काढायला जागा नाही. वर्ष उलटून गेलं होतं त्याला.

आज मात्र टोपलीतला काळा कोट ताईच्या हातात तसाच राहिला. वरून भावाची हाक आली.

"ताई, येतेस ना? चहा निवतोय."

"आले रे," म्हणून ती उठली आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबली. आपण वर कशाला चाललोय हेच तिला आठवेना. पन्नाशी ओलांडली की असं होतं म्हणे. हिला हल्ली रोज होत होतं. कधी शब्द सापडत नव्हता, कधी चष्मा, आणि परवा तर शेजारणीचं नाव तोंडापर्यंत येऊन परत गेलं होतं. वरून कपांचा आवाज आला आणि मग आठवलं, बैठक. आईचं काय करायचं, त्याची बैठक.

भावाला घरात बाळ म्हणत. डोक्यावर केस उरले नव्हते, विम्याच्या कार्यालयात हाताखाली माणसं होती, तरी बाळच. त्याची बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. मामानं तिचं नाव लॅबवाली ठेवलं होतं आणि तिनं ते हसून चालवून घेतलं होतं. हा मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडलेला माणूस, अजूनही खोलीत शिरला की सगळ्यांना मागे सरका म्हणेल असं वाटायचं. आणि खिडकीपाशी खुर्चीत आई बसली होती. हात मांडीवर, नजर बाहेर.

"अक्का, चहात साखर किती घालू?" मामानं विचारलं.

"अर्धा चमचा," ताई म्हणाली.

"तिला विचारलं मी."

"अरे, तिला अर्धाच लागतो."

मामानं ताईकडे बघितलं आणि अर्धा चमचा घातला. आईनं कप घेतला. तिनं तोंड उघडलं होतं की नाही, हे कुणी बघितलंच नव्हतं.

बाळनं घसा साफ केला. "मी आपला सरळच बोलतो. डॉक्टरांनी चाचणी घेतली. निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. आता पुढचं बघायला हवं."

त्या चाचणीला ताईच घेऊन गेली होती. डॉक्टरांनी आज वार कोणता विचारलं, आईनं ताईकडे बघितलं, ताईनं सांगितलं. त्यांनी पाच शब्द दिले आणि थोड्या वेळानं परत विचारले. आई म्हणाली, "हिला विचारा, हिच्या लक्षात असतं." डॉक्टरांनी ताईला बाहेर बसायला सांगितलं. मग आई आत एकटी होती आणि कागद जवळजवळ कोराच बाहेर आला. डॉक्टर म्हणाले होते, "थोडी झीज आहे, वयाला धरून. पण आठवत नाही, की आठवायचा प्रयत्नच होत नाही, हे मला या चाचणीवरून सांगता येत नाही." बाळनं त्यातला पहिला अर्धा तेवढा घरी आणला होता.

"आमच्याकडे एक खोली रिकामी आहे," बाळ म्हणाला. "सातवा मजला, भरपूर उजेड. दिवसा एक बाई ठेवू. गॅसची भानगड नाही, जिन्याची नाही. आणि खाली ते मोठं टेबल आहे, त्याला माणूस बघून ठेवलाय मी. उद्या सकाळी येऊन बघून जाईल."

"कुठलं टेबल?" मामा पुढे सरकला. "कापडं कापायचं?"

"मग काय डोक्यावर घेऊन जाणार का सातव्या मजल्यावर?"

"आणि ती तिथं करणार काय रे दिवसभर? लिफ्ट वर जाते, खाली येते, ते मोजत बसेल?"

"मामा, तुम्ही एक दिवस येता, गप्पा मारता, जाता," लॅबवाली शांतपणे म्हणाली. "परवा गॅस चालू राहिला होता. ताई वेळेवर आल्या म्हणून. नसत्या आल्या तर?"

मामानं बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, आणि तो कपात बघत बसला.

सगळे आईविषयी बोलत होते आणि आई हाताच्या अंतरावर बसली होती. ताईच्या ते ध्यानात आलं, पण आता अशा गोष्टी ध्यानात येऊन काही होत नसे, इतकी ती शिणली होती.

"ताई, तू बोल," बाळ म्हणाला. "शेवटी सगळं तूच करतेस. तू म्हणशील तसं."

आणि आता खरं सांगायचं तर ताईला हो म्हणायचं होतं. फार आतून म्हणायचं होतं. एक दुपार तिला हवी होती. टोपली नाही, सुई नाही, कुणाच्या उठण्याकडे कान नाही, नुसतं पाय पसरून पडायचं. एवढ्यासाठी आपण आईला सातव्या मजल्यावर पाठवायला निघालो, याची लाज वाटायलासुद्धा अंगात त्राण लागतं. तेही नव्हतं.

"मी दमलेय रे," ती म्हणाली. "मला वाटतं, बाळ म्हणतो ते..."

"माझ्या हातून चुका होतात का?"

आवाज आईचा होता. आई इतक्या दिवसांत अशी आपणहून बोलली नव्हती, त्यामुळे आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं ते.

"होतात गं आई," बाळ हळू आवाजात म्हणाला. लहान मुलाशी बोलतात तसा. "वय झालं की होतात."

"कुठल्या? एक सांग."

बाळनं ताईकडे बघितलं. ताईनं लॅबवालीकडे. खोलीत कुणालाही एक चूक सांगता येईना. एक सांगायची तर ती कुठे सापडली हे सांगावं लागणार, मग टोपली, मग दुपारी, मग सगळंच. वर्षभर सगळे मूग गिळून बसले होते, ते आता घशात अडकले.

"गॅस," बाळ म्हणाला.

"गॅसचं म्हणत नाही मी. टेबलावरचं सांग. टेबल विकायला काढलंस ना?"

"आई, ते तसं एकदम..."

"बरं, मी सांगते." आईनं कप खिडकीत ठेवला. "बँकेतला तो ढेरपोट्या आठवतो? राखाडी कोट. त्याच्या आतल्या खिशाचं तोंड मी शिवून टाकलं होतं. पक्कं, बारीक टाका घालून. मुद्दाम. तो आला, कोट घातला, खिशात पेन ठेवलं आणि हसत हसत निघून गेला. पेन गेलं कसं आत?"

ताईनं कप खाली ठेवला. तो खिसा तिला चांगलाच आठवत होता. इतका चिवट शिवला होता की उसवताना तिचं बोट रक्ताळलं होतं. आई किती भरकटली बघा, कुणी खिसा शिवून टाकतं का, म्हणून ती त्या दुपारी टोपलीवर वाकून रडली होती.

"शाळेतल्या बाईंच्या जाकिटाला एक गुंडी लाल दोऱ्यानं लावली," आई म्हणाली. "काळ्या जाकिटाला. नेताना काळ्या दोऱ्याची होती. त्या गिड्ड्या इंजिनिअरच्या पँटचा एक पाय आखूड केला. तो दोन्ही पायांवर सरळ उभा राहून गेला. मग वकिलीणबाईंचं अस्तर उलटं लावलं. मग मी सोडून दिलं."

मामा मोठ्यानं हसला. "अक्का! म्हणजे तू यांच्यावर पाळत ठेवलीस?"

"पाळत कसली. बघत होते." आई हसली नव्हती. "खिसा शिवला तरी पेन आत जातं. मग मी नीट शिवलं काय आणि वेडंवाकडं शिवलं काय. मग कशाला डोळे फोडायचे? आणि एकदा तिथलं लक्ष सुटलं ना, की सगळ्यातलंच सुटतं. वार कोणता, हिला ठाऊक. साखर किती, हिला ठाऊक. गॅस बंद केला का, मागून कुणीतरी येऊन बघणारच. त्या डॉक्टरनं पाच शब्द दिले. मला वाटलं, मी विसरले तरी कुणीतरी माझ्या नावानं लिहून ठेवेल."

बाळचा चेहरा पडला. "आई, तुला वाईट वाटू नये म्हणून केलं गं. त्या वेळी तू जेवली नव्हतीस."

"जेवले नव्हते. मग?" आई म्हणाली. "चार दिवस नाही जेवले. पाचव्या दिवशी जेवले असते आणि तसला कोट पुन्हा बिघडवला नसता. तुम्ही माझ्या पोटाची काळजी केलीत."

ताईला बोलणं भाग होतं. "आई, सगळ्या चुका मुद्दाम होत्या का? मी वर्षभर उसवतेय. खिसा, लाल गुंडी, पँट, अस्तर. पण टोपली रोज भरलेली असते."

आई बोटांनी पदराचं टोक चाचपत राहिली, शिवण बघावी तसं. या घरातल्या माणसांनी तिला इतकी भ्यालेली कधी पाहिली नव्हती.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "सगळ्या नाहीत. सुरुवातीला मला माहीत होतं कुठल्या मुद्दाम आणि कुठल्या नाही. आता मलाही सांगता येत नाही. तुम्ही सांगितलं असतंत तर कळलं असतं."

मग लॅबवाली, जिनं सातव्या मजल्यावरच्या खोलीचे पडदेसुद्धा आणून ठेवले होते, ती म्हणाली, "आमच्याकडे एक यंत्र होतं. कधी कटकट नाही, कधी बिघाड नाही. सगळे त्याच्यावर खूश. एकदा कुणीतरी चुकून नळीत नुसतं पाणी घातलं, तरी निकाल नेहमीसारखाच चांगला आला. तेव्हा कळलं, आत काहीही घातलं तरी ते एकच उत्तर देतंय. किती दिवस देत होतं कोण जाणे."

"त्याचं इथं काय?" बाळ म्हणाला.

"आईंना आपण तसलं यंत्र दिलं. काही घाला, 'वा, काय हात आहे!'"

"तू कुणाच्या बाजूनं आहेस? काल रात्रीपर्यंत तूच म्हणत होतीस..."

"म्हणत होते. पडदेही मीच आणलेत. लावू दुसरीकडे."

बाळचा तिळपापड झाला. बायको फुटली, मामा तर आधीच फुटलेला, आणि बहीण डोळे पुसतेय. तो उठून खोलीत फेऱ्या मारू लागला. वाईट माणूस नव्हता तो. रात्री फोन वाजला की याचा हात आधी छातीवर जायचा, आणि आईचं सगळं ताईच्या हातात असताना काहीतरी आपल्याही हातात असावं असं त्यालाही वाटत होतंच.

"ठीक आहे," तो थांबून म्हणाला. "उद्या त्या दातांच्या डॉक्टरची ट्रायल आहे ना? काळा कोट? मी रजा टाकतो. दुकानात बसतो. कोट नीट बसला तर टेबल राहील, आई राहील, मी परत विषय काढणार नाही. नाही बसला तर ज्याला बोलावलंय तो टेबल घेऊन जाईल. कबूल?"

"तू कोण रे अटी घालणारा?" मामा उसळला.

"कबूल," आई म्हणाली. मग ताईकडे वळली. "मात्र तू हात लावायचा नाहीस."

*

सगळे गेल्यावर ताई खाली आली. दुकानात दिवेलागणीचा अंधुकपणा होता. तिनं दिवा लावला आणि टोपलीतून काळा कोट काढला. ट्रायलसाठीची कच्ची शिलाई, पांढरा धावदोरा. तिनं तो पुतळ्याच्या अंगावर चढवला, दोन पावलं मागं सरली आणि तिथंच थांबली.

डावी बाही फिरली होती. कोटाची बाही चढवताना बाहीवरची खूण खांद्याच्या खुणेला गाठावी लागते, तेव्हा कुठे हात सरळ लोंबतो. इथं खूण मागे गेली होती. हा कोट अंगात घातला की कोपरापाशी चुण्या पडणार आणि माणूस कुणाचा तरी हात ओढत चालल्यासारखा दिसणार. आंधळ्यालाही दिसेल आणि हा दातांचा डॉक्टर तर म्हणे दातातली रेघसुद्धा बघणारा. मामानं त्याचं नाव दाढकाढे ठेवलं होतं, आणि दाढकाढे दुकानात आला की ताईची बोटं आधीच गार पडायची.

काम मोठं नव्हतं. कच्चा टाका ओढला की सुटतो. बाही काढायची, बोटभर फिरवायची, परत टाचायची. आई वर होती, जिन्याचं दार लावलेलं होतं. एवढं केलं की टेबल वाचलं. ताईनं सुई घेतली, दोरा ओवला, पहिल्याच फटक्यात ओवला गेला. याचं तिलाच नवल वाटलं.

मग तिनं खुर्ची ओढली आणि दोरा ओवलेली सुई हातात धरून नुसती बसून राहिली. ही बाही मुद्दाम फिरवली असेल का? की खरंच चुकली असेल? हे विचारायला वर जावं तर आई म्हणणार, मला काय माहीत, तू सांग. बाही नीट केली तर आई उद्या आरशात बघेल आणि समजून जाईल. मान हलवेल. खिडकीपाशी जाऊन बसेल, मग ती खिडकी पहिल्या मजल्यावरची असो नाहीतर सातव्या. आणि नाही केली तर टेबल जाईल. दोन्हीकडून दोष आपलाच, असं ताईला वाटलं, आणि तिला रागही आला. सगळ्या घराचा राग. तू म्हणशील तसं म्हणे! तिनं स्वतःसाठी निळं कापड घेऊन ठेवलं होतं, कपाटात, अण्णा असताना. त्याला अजून खडूसुद्धा लागला नव्हता.

तिनं सुई टाचण्यांच्या गादीत टोचली. दिवा मालवला. आणि जिन्यात थांबली नाही.

*

सकाळी बाळ दुकानात आला तो थेट कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला, परीक्षेला देखरेख करायला आल्यासारखा. पाठोपाठ टेबल बघायला सुतार आला. त्यानं टेबलाच्या पायावर टकटक केलं, खाली वाकून बघितलं आणि "लाकूड जुनं आहे, चांगलं आहे," म्हणाला. बाळनं त्याला बाहेर जरा थांबायला सांगितलं. आई मशीनपाशी बसली होती. तिनं टेबलाकडेही बघितलं नाही आणि सुताराकडेही.

दातांचा डॉक्टर आला तो घाईत. "गुरुवारी मला भाषण आहे, चारशे लोकांसमोर," तो पडद्यामागून बोलत होता. बाहेर आला आणि आरशासमोर उभा राहिला. ताईनं बघितलं नाही. तिला बघायची गरज नव्हती.

"हे काय आहे?" डॉक्टरनं डावा हात उचलला, खाली सोडला, परत उचलला. "ही बाही फिरलीय. बघा ना. अहो, हा माझा हात आहे की दुसऱ्याचा?"

कोपऱ्यातलं स्टूल करकरलं. ताईच्या जिभेवर सगळं तयार होतं. वर्षभर तिथेच तर होतं. माझ्या हातून राहिलं, डॉक्टर, दिवा गेला होता, मी लगेच करून देते, आईचा काही दोष नाही. तिनं दात ओठावर रोवले आणि उभी राहिली. इतकं कठीण काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं, आणि त्यात हातही हलवायचा नव्हता.

"बोला ना कुणीतरी," डॉक्टर चिडला. "शिवली कुणी ही?"

"मी," आई म्हणाली.

ती मशीनमागून उठली. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठली, पण उठली. डॉक्टरच्या जवळ आली, डोकं वाकडं करून बाही बघितली. आधी लांबून, मग जवळून, मग बोटानं चुणी दाबून. तिचा चेहरा लाल झाला होता. कानापर्यंत लाल झाला होता. वर्षभरात या चेहऱ्यावर रंग आलेला ताईनं पाहिला नव्हता, आणि आता बघवत नव्हतं.

"चुकलीय," आई म्हणाली. "खूण मागे गेलीय. चूक माझी आहे." मग तिनं त्याच्या खांद्यावर थाप दिली. "हात खाली सोडा. सैल. एवढे ताठ उभे राहू नका, दाढ नाही काढत मी."

डॉक्टर नकळत हसला, पण लगेच सावरला. "मला गुरुवारी हवाय. तुमच्याकडून नसेल होत तर तसं सांगा, मी दुसरीकडे बघतो."

"ताई, खडू."

ताईनं खडू दिला. आईनं खांद्यावर रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. टाचण्या दातांत धरल्या. बाही सुटली, पुढे सरकली, एक टाचणी, दुसरी. मधेच तिचा हात थांबला. ती टाचणी हातात धरून उभी राहिली आणि ताईला कळलं की पुढचं तिला आठवत नाहीये. ताईची बोटं आपोआप पुढे झाली. ती तिनं पाठीमागे नेऊन एकमेकांत गुंतवली. आई खूण शोधत होती. खांद्यावरून बोट फिरवत खाली आली, परत वर गेली, आणि मग ती बोटाला लागली.

"हं," आई म्हणाली. "इथं." आणि टाचणी लावली.

आरशात हात सरळ लोंबला. डॉक्टरनं तो हलवून बघितला, एकदा, दोनदा. "आता ठीक वाटतंय."

"कधी हवाय म्हणालात?"

"गुरुवारी."

"बुधवारी संध्याकाळी या." ती खडू पुसत होती. मग परत वर बघून म्हणाली, "कधी हवाय म्हणालात तुम्ही?"

डॉक्टरनं ताईकडे बघितलं. ताई काही बोलली नाही. मग त्यानंच परत सांगितलं, जरा हळू. "गुरुवारी, आई. भाषण आहे."

"म्हणजे बुधवारी संध्याकाळी," आई म्हणाली. "सांगितलं ना मी."

डॉक्टर गेला. जाताना "बघू आता," एवढंच म्हणाला, वाहवा केली नाही. आई कोट घेऊन टेबलाशी गेली. जुन्या लाकडावर तो पसरला आणि धावदोऱ्याचं टोक शोधू लागली.

बाळ स्टुलावरून उठला. कोट बसला नव्हता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बसला नव्हता, म्हणजे त्याच्या अटीप्रमाणे तो जिंकला होता. तो आईच्या पाठीमागे उभा राहून तिचे हात बघत राहिला. टाके नेमके हवे तेच सुटत होते.

"आई, मी लावू का दिवा?" त्यानं विचारलं.

"मी लावते लागला तर."

तो मागे सरला. दारातून सुतारानं आत डोकावलं. "साहेब, मग काय करायचं टेबलाचं?"

बाळनं ताईकडे बघितलं. ताईनं खांदे उडवले आणि आईकडे बोट दाखवलं. "तिला विचार."

"आई," बाळ म्हणाला, आणि या खेपेला लहान मुलाशी बोलल्यासारखा नाही. "टेबलाचं काय सांगू याला?"

"सांग की त्याच्यावर माणूस काम करतंय, दिसत नाही का?" आई मान वर न करता म्हणाली. मग सुताराला म्हणाली, "आणि तुम्ही आलाच आहात तर तो डावीकडचा पाय डगडगतो, तेवढा ठोकून जा."

सुतार खिळे आणायला गेला. बाळ आपला कोट अंगात घालून दारापर्यंत गेला आणि परत आला. जाताना त्यानं आईच्या डोक्यावर हात ठेवला, एवढंच. आई म्हणाली, "हलवू नकोस, टाका चुकेल."

जेवणं झाली. ताई सवयीनं जिन्याखाली वाकली. टोपली रिकामी होती. ती तशीच रिकाम्या टोपलीच्या काठावर हात ठेवून उभी राहिली. आपण इथं कशाला आलो, हे तिला या वेळी अगदी व्यवस्थित आठवत होतं.

"तिथं काय शोधतेस?" आई टेबलाशी बसूनच म्हणाली. "आणि तुझं ते निळं कापड कुठंय? कपाटात कसर लागेल त्याला."

"आहे. बघू नंतर."

"मग वर जाऊन पड. डोळे बघ कसे झालेत."

"तू पडत नाहीस?"

"मला काम आहे."

ताई वर गेली. आईच्या पलंगावर आडवी झाली, पाय पसरले, चष्मा छातीवर ठेवला. खालून दोरा ओढल्याचा आवाज येत होता, मग थांबत होता, मग परत येत होता. एकदा आई स्वतःशीच म्हणाली, "अरेच्चा, परत चुकलं." ताईचे डोळे खाडकन उघडले. ती उठली नाही. खाली आईनं परत पहिल्यापासून सुरुवात केली, आणि तिचं शिवून व्हायच्या आत ताईला झोप लागली.